‘राजाचा सल्लागार’, घरे तीन: सचिव भरायचे की अमात्य?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शब्दकोड्यात ‘राजाचा सल्लागार’ असा संकेत येतो आणि घरे तीन असतात. तुम्ही ‘सचिव’ भरता तर उत्तर ‘अमात्य’ निघते. पुढच्या वेळी ‘अमात्य’ भरता तर ‘वजीर’ निघते. हे सगळे एकच का? एकच नसतील तर ओळखायचे कसे? आणि भरतीच्या पेपरात अष्टप्रधान आले की तिथेही हीच गल्लत होते, तेव्हा लक्षात ठेवायची काही रीत आहे का?

मी मोर्शी तालुक्यात मास्तरकी केली आणि तेव्हापासून शब्दकोडी रचतो. काही साप्ताहिकात छापून येतात, काही गावच्या वाचनालयाच्या फळ्यावर लागतात. त्यामुळे ही तक्रार मला नवी नाही. पानठेल्यावर उभ्या उभ्या कोणीतरी विचारतोच, “सर, आमचं ‘दिवाण’ काऊन चालत नाही?” चालते ना! नुसते ‘राजाचा सल्लागार’ एवढेच लिहून तीन घरे ठेवली असतील, तर दिवाणही चालतो, सचिवही चालतो. तुम्ही चुकत नाही, तो संकेतच अर्धवट आहे. सल्ला काय, राजाला न्हावीही देत असेल. कोणत्या दरबारातला आणि त्याच्या हाती कोणते काम, हे सांगितल्याशिवाय संकेत पुरा होत नाही. ज्या रचनाकाराला या पदांमधला फरक माहीत नाही तो सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो, आणि भोगावे लागते सोडवणाऱ्याला.

आता गंमत पाहा. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो. ते कोडे जन्मले 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात, आर्थर विन यांच्या हातून. आपल्याकडे एका घरात एक अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट आणि जोडाक्षर असले तर ते अख्खे. म्हणून आपले शब्द आखूड होतात. अमात्य तीन घरांत, प्रधान तीन घरांत. सचिव, सुमंत, पेशवा, डबीर, वजीर, दिवाण, वकील, मुनशी हेही सगळे तीनच. पुराणात शिरलात तर विदुर, सुमंत्र, शकुनी आणखी रांगेत उभे. दरबारातली अर्धी माणसे तीन घरांची असल्यावर घरांच्या संख्येवरून काही कळायचे नाही. ओलांडणाऱ्या शब्दाने एखादे अक्षर दिले तरच सुटका. मधल्या घरात ‘मा’ असेल तर अमात्य नक्की. पण शेवटी ‘र’ मिळाला तर डबीर, वजीर आणि विदुर तिघेही दारात येतात.

म्हणून आधी कामे समजून घ्या. पेपरालाही तीच उपयोगी पडतील.

रायगडावर 6 जून 1674 रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा आठ प्रधानांना संस्कृत नावे मिळाली. त्याआधी यातली बहुतेक पदे होतीच, पण फारसी नावांनी. पेशव्याला मुख्य प्रधान म्हणू लागले, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, वाकनिसाला मंत्री, डबिराला सुमंत, सरनौबताला सेनापती. न्यायाधीश आणि पंडितराव हे उरलेले दोघे. याच सुमारास महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात दहा वर्गांत फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. कोडे रचणाऱ्याला त्या कोशाइतका दुसरा खजिना नाही, कारण प्रत्येक पदाची दोन-दोन नावे आयती मिळतात. मुजुमदार पाच घरे, अमात्य तीन. सुरनीस चार, सचिव तीन. वाकनीस चार, मंत्री दोन. डबीर आणि सुमंत दोन्ही तीन, आणि नवखा गडी तिथेच सापडतो.

अमात्य म्हणजे राज्याचा जमाखर्च. फडाचे हिशेब त्याच्या नजरेखालून जायचे. राज्याभिषेकाच्या वेळी हे पद रामचंद्र नीळकंठांकडे होते. पुढे राजारामांच्या काळात महाराष्ट्रातला कारभार सांभाळताना ‘हुकूमतपनाह’ हा किताब मिळाला तो यांनाच, आणि राज्यनीतीवरचे आज्ञापत्र लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य तेही हेच. ‘हुकूमतपनाह’ला सात घरे लागतात. मोठ्या चौकटीत मध्यावर आडवा टाकायला फार देखणा शब्द.

सचिवाचे काम माझ्या आवडीचे. राजाची पत्रे निघाली की ती तपासायची, त्यात कमी-जास्त पडलेली अक्षरे आणि मजकूर शुद्ध करायचा. अण्णाजी दत्तो या पदावर होते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या रायगडावर शब्दकोडे छापायची वेळ आली असती, तर मी ते त्यांच्याकडेच तपासायला दिले असते. तुम्ही गोंधळता त्याचे एक कारण आजच्या वापरात आहे. आज मंत्रालयात सचिव मंत्र्याच्या हाताखाली असतो, आणि आपल्या गावात तर ग्रामसेवकालाच सचिव म्हणतात. “सचिव आले का ग्रामपंचायतीत?” असे विचारणाऱ्या माणसाला अण्णाजी दत्तोंचा हुद्दा नजरेसमोर येणे अवघडच. अष्टप्रधानांत सचिव आणि मंत्री दोघेही प्रधानच होते, कोणी कोणाचा कारकून नव्हता.

मंत्री म्हणजे वाकनीस. ‘वाका’ म्हणजे घडलेली हकीकत. राजाच्या रोजच्या घडामोडींची नोंद, खाजगीकडची व्यवस्था, आमंत्रणे-निमंत्रणे, कोण आले, कोण गेले, हे सगळे त्याच्याकडे. दत्ताजी त्रिंबक हे त्या वेळचे मंत्री. पेपरात ‘वाकनीस’ दिसले की मुले सचिवावर खूण करतात, कारण दोघांच्याही हातात लेखणी दिसते. सचिवाची लेखणी बाहेर जाणाऱ्या पत्रांवर चालायची, मंत्र्याची लेखणी घरातल्या रोजनिशीवर. एवढे धरून ठेवलेत तर दोघांत गल्लत होणार नाही.

सुमंत म्हणजे डबीर, परराज्याचा व्यवहार पाहणारा. दुसऱ्या दरबारांचे वकील आले की त्यांचा मानपान याने करायचा, त्यांच्याशी बोलणे याने करायचे. रामायणातला दशरथाचा सारथी आणि मंत्री सुमंत्र तो वेगळा. दोन्ही शब्द तीन घरांचे, पहिली दोन अक्षरे सारखी, शेवटी नुसता ‘त’ की ‘त्र’ एवढाच फरक. उभा शब्द ‘त’ने सुरू होत असेल तर रायगड, ‘त्र’ने सुरू होत असेल तर अयोध्या.

सेनापती हंबीरराव मोहिते आणि न्यायाधीश निराजी रावजी यांच्याबद्दल फार सांगायला नको, कामे नावातच आहेत. पंडितराव म्हणजे धर्मकार्य आणि दानधर्म, म्हणून दानाध्यक्ष असाही शब्द येतो. मुख्य प्रधान मोरोपंत पिंगळे सगळ्या कारभारावर. पेपरात हमखास येणारी एक गोष्ट मात्र सांगतो: न्यायाधीश आणि पंडितराव सोडले तर बाकीच्या सहाही प्रधानांना प्रसंगी फौज घेऊन मोहिमेवर जावे लागे. म्हणजे अमात्य नुसता वहीखाते घेऊन बसलेला गृहस्थ नव्हता. आणि शिवाजी महाराजांच्या काळात ही पदे वंशपरंपरेची नव्हती. ती तशी झाली ती पुढे, आणि मग भोरचे पंत सचिव, गगनबावड्याचे पंत अमात्य, औंधचे पंत प्रतिनिधी अशी घराणीच तयार झाली.

प्रतिनिधी हा शब्द आला तसा आणखी एक सापळा सांगून टाकतो. ‘अष्टप्रधानांपैकी एक, घरे चार’ असे देऊन उत्तर ‘प्रतिनिधी’ छापलेले मी पाहिले आहे. साफ चूक. प्रतिनिधी हे पद राजाराम महाराजांनी जिंजीला असताना निर्माण केले आणि प्रल्हाद निराजींना दिले. हे प्रल्हाद म्हणजे वर सांगितलेल्या न्यायाधीश निराजी रावजींचे चिरंजीव. म्हणजे बाप आठांत आणि मुलगा आठांच्या बाहेर, पण मानाने वरचढ. तसेच चिटणीस आणि फडणीस. दोघेही चार घरांचे, दोघेही दरबारात रोज दिसणारे, पण आठांत दोघेही नाहीत. बाळाजी आवजी चिटणीसांची लेखणी कितीही गाजलेली असली तरी ‘अष्टप्रधानांपैकी’ असे लिहून उत्तरात चिटणीस भरता येणार नाही. नाना फडणीस पेशवाईच्या कारभाराचे सूत्रधार झाले, म्हणून फडणीस हे पद प्रधानाचे ठरत नाही. चार घरांत आठांपैकी कोणी हवा असेल तर सेनापती आणि न्यायाधीश एवढेच. जुन्या नावांनी सुरनीस, वाकनीस.

आडनावांचा आधार घ्या असे अनेक जण सांगतात. डबीर, मुजुमदार, चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस ही नावे ओळखीची असतातच. पण आडनावावरून पद कळते, काम कळत नाही. आपल्या गावातल्या किती देशमुखांना देशमुखीत नेमके काय काम असायचे ते सांगता येते? म्हणून या रस्त्याने मर्यादेतच जा.

आता विदर्भाकडे वळतो. तुम्ही विचारले नव्हते, तरी सांगतो. आपली मुले समजतात की दरबार म्हटला की रायगड किंवा पुणे. आपल्याकडे होते ते फक्त कापसाचे गाडे. वऱ्हाडात राजसल्लागारांची परंपरा शिवकालाच्या हजार वर्षे आधीची आहे.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात पहिल्याच अंकात विदर्भाच्या राजाचे पत्र येते. शुंग राजा अग्निमित्राने त्याला त्याचा चुलतभाऊ माधवसेन सोडायला सांगितलेले असते. विदर्भराज यज्ञसेन उलट अट घालतो: माझा मेहुणा मौर्यांचा सचिव होता, तो तुमच्या कैदेत आहे, त्याला आधी सोडा. त्यावरून लढाई होते आणि शेवटी विदर्भाचे दोन भाग पडतात, मध्ये वरदा, म्हणजे आपली वर्धा नदी. एका सचिवाच्या सुटकेवरून राज्य वाटले गेले. ‘यज्ञसेनाचा मेहुणा ज्या पदावर होता ते’ असा संकेत दिला तर तीन घरांचे उत्तर एकच निघते, वाद नाही.

नाटक सोडून दगडावर या. वाशीमजवळ हिस्से-बोराळा येथे शके 380 चा, म्हणजे इसवी सन 458 चा शिलालेख सापडला. वाकाटक राजा देवसेन याच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचे तळे बांधवले, असे त्यात आहे. त्याचे पद ‘आज्ञाकर’ असे दिले आहे. चार घरे, आणि मी ते कोड्यात आनंदाने वापरतो. याच वत्सगुल्म, म्हणजे वाशीमच्या शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे त्याने खोदवले, तिथे त्याचा लेख आहे. त्याचे वडील हस्तिभोज हेही वाकाटकांचे मंत्री होते. अचलपूरजवळच्या चम्मक गावात दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट मिळाला, त्यात सेनापती चित्रवर्मा याचे नाव येते. पौराणिक नावांचा चोथा झालेला असताना ही माणसे कोड्यात का येत नाहीत हे मला कळत नाही. ‘अजिंठ्याचे लेणे खोदवणारा वाकाटक मंत्री’ असे विचारा ना. वराहदेव, पाच घरे, आणि गावातल्या पोराला एक नवी गोष्टही कळते.

यादवांच्या काळी हेमाद्री होता, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो. त्याचे पद श्रीकरणाधिप, सगळ्या राज्याच्या दफ्तराचा मुख्य. चुना न वापरता बांधलेले कोणतेही जुने देऊळ आपण ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे हे नाव गावोगाव पोचले आहे. याच काळाचे महानुभावांचे रिद्धपूर आमच्याच तालुक्यात. चक्रधरस्वामी मूळचे भडोचचे, तिथल्या विशाळदेव नावाच्या प्रधानाचे पुत्र, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणजे प्रधानाच्या घरची गादी सोडून माणूस वऱ्हाडात आला.

अचलपूरच्या इमादशाहीत सल्लागाराचीच गोष्ट वेगळ्या वळणावर गेली. फतहुल्ला इमाद-उल-मुल्क बहमनी राज्यातला वऱ्हाडचा तरफदार, म्हणजे सुभेदार, तो 1490 मध्ये स्वतंत्र झाला. शेवटी त्याच्या वंशातल्या बुऱ्हाण इमादशहाला त्याच्याच वजिराने, तुफालखानाने, कैदेत टाकून सत्ता बळकावली, आणि 1574 मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने हे राज्य जिंकून घेतले. ‘राजाला कैद करणारा सल्लागार’ असा संकेत मी एकदा दिला होता. लोकांनी औरंगजेबापासून घाशीराम कोतवालापर्यंत सगळे भरून पाहिले.

इथे ‘पेशवा’ शब्दाची नोंद घ्या. तो पुण्याचा म्हणून आपल्याला वाटतो, पण बहमनी राज्यात आणि निजामशाहीत तो होताच. मलिक अंबर हा निजामशाहीचा पेशवा होता. म्हणून ‘पेशवा’ हे उत्तर हवे असेल आणि संकेतात पुणे-सातारा काहीच नसेल, तर अहमदनगर आठवा.

नागपूरकर भोसल्यांकडे या. त्यांचा किताब ‘सेनासाहेबसुभा’, सात घरे, हा स्वतः राजाचा किताब, सल्लागाराचा नव्हे. त्यांचा गाजलेला सल्लागार देवाजीपंत चोरघडे, आपल्या शेजारच्या नरखेडचा. जानोजी भोसल्यांच्या काळात नागपूरचे राजकारण त्याच्या डोक्याने चाले. साडेतीन शहाण्यांत तो एक पूर्ण शहाणा. दुसरा पुण्याचा सखारामबापू बोकील, तिसरा निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर, जो 1763 मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत मारला गेला. आणि अर्धा नाना फडणीस, कारण लेखणी होती पण तलवार नव्हती. पेपरात ‘साडेतीन शहाण्यांपैकी अर्धा कोण’ हे विचारतात. त्यापेक्षा ‘त्यातला विदर्भातला कोण’ हे विचारले पाहिजे, असे माझे मत. मोर्शी-वरुडकडची मुलेही तिथे अडखळतात, आणि नरखेडला रोज संत्र्याच्या गाड्या जातात!

वऱ्हाड मात्र निजामाकडे होते, म्हणून आपल्या जुन्या कागदांत ‘दिवाण’ आणि ‘पेशकार’ हे शब्द हैदराबादचे असतात. दिवाण म्हणजे निजामाचा मुख्य प्रधान. पेशकार त्याच्या खालोखाल, घरे चार. राजा चंदूलाल आधी पेशकार होता. पहिले सालारजंग 1853 मध्ये दिवाण झाले, त्याच वर्षी तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. ही जोडी लक्षात राहिली तर सन वेगळे पाठ करावे लागत नाही.

राजे गेले, पण काही पदे अजून माणसांत जिवंत आहेत. पुसद-दिग्रसकडे बंजारा तांड्यात नायक असतो आणि त्याच्याजवळ कारभारी. तांड्यातला तंटा असो की लग्न, नायकाला सल्ला देणारा माणूस हाच. ‘नायकाचा सल्लागार, बायकोचा धनी’ या संकेताला चार घरांत कारभारी बसतो, आणि हा माझा आवडता संकेत आहे. दुसरा शब्द ‘परधान’. यवतमाळ-चंद्रपूरकडे परधान हे गोंडांच्या वंशावळ्या आणि देवगाथा गाणारे, किंगरी वाजवणारे. हे नाव ‘प्रधान’वरूनच आले असे मानतात. कोड्याच्या दृष्टीने पाहा: ‘प्रधान’ तीन घरे, ‘परधान’ चार. दंडारीतला किंवा जुन्या नाटकातला राजासुद्धा “परधानजी” म्हणूनच हाक मारतो. चार घरे आहेत आणि पहिले ‘प’, शेवटचे ‘न’ आहे, तर अडून बसू नका.

राजाचा सल्लागार पुरुषच असतो असेही नाही. ‘कैकेयीची सल्लागार’ म्हटले की मंथरा, तीन घरे. ‘दुर्योधनाचा मामा आणि सल्लागार’ म्हणजे शकुनी. आणि बुद्धिबळात ‘पटावरचा सल्लागार’ म्हणजे वजीर. आपण वजीर म्हणतो त्या सोंगटीला युरोपात राणी म्हणतात, आणि पूर्वी ती तिरकी एकच घर चालायची. सगळ्या दिशांनी धावायची ताकद तिला युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिळाली. म्हणून संकेतात पट, सोंगटी, शह असा कुठलाही शब्द दिसला की वजीर भरून मोकळे व्हा.

एक संकेत मला पटत नाही तो सांगतो, कारण तो पुन्हा पुन्हा येतो. महाभारतात धृतराष्ट्राला कुटिल नीती सांगणारा कणिक नावाचा मंत्री आहे. कोणीतरी हुशारीने लिहितो, ‘धृतराष्ट्राचा सल्लागार, पोळीसाठी मळा’. पोळीची ‘कणीक’ दीर्घ, मंत्र्याचा ‘कणिक’ ऱ्हस्व. एका घरात ‘णि’ आणि ‘णी’ दोन्ही कसे बसणार? उभा शब्द ‘णी’ मागत असेल तर मंत्री बाहेर पडतो. गंमत चांगली, पण सोडवणाऱ्यावर अन्याय.

ऱ्हस्व-दीर्घाची भानगड या पदांत सगळीकडे आहे. मराठीत ‘मंत्री’, ‘सेनापती’, ‘प्रतिनिधी’ एकटे असताना शेवटी दीर्घ; समासात मात्र ‘मंत्रिमंडळ’, ‘प्रतिनिधिमंडळ’ असे ऱ्हस्व होतात. जुने कागद आणि संस्कृत पुस्तके ‘सेनापति’ लिहितात. कोड्यात आजचे रूप धरायचे. उभ्या शब्दाला ‘त्रि’ हवा असेल आणि तुमच्याजवळ ‘मंत्री’ असेल तर ओढून-ताणून बसवू नका. बहुतेक पुढे मंडळ आहे आणि घरे तुम्ही तीन कमी मोजली असतील, म्हणून आधी घरे पुन्हा मोजा.

आता सोडवताना मी काय पाहतो ते सांगतो. पहिल्यांदा संकेतातला एखादा शब्द काळ सांगतो का. ‘शिवकालीन’, ‘छत्रपतींचा’, ‘रायगड’ असे काही असेल तर संस्कृत नाव, ‘बादशहाचा’, ‘सुलतानाचा’ असेल तर वजीर किंवा दिवाण, ‘संस्थानाचा’ असेल तर दिवाण जवळजवळ पक्का, ‘पौराणिक’ असेल तर विदुर, सुमंत्र. मग काम शोधतो: पैसा, पत्र, रोजनिशी, परदेश, न्याय, धर्म, फौज. काळ आणि काम दोन्ही मिळाले तर घरे मोजायचीसुद्धा गरज पडत नाही. दोन्ही नसतील तर ते घर पेन्सिलीने रिकामे ठेवून पुढे जा, ओलांडणारे शब्द आधी भरा. ‘राजाचा सल्लागार’ एवढ्यावर पेनने लिहिणारा माणूस मला वाचनालयात दिसला की मी त्याला थांबवतो.

पेपरासाठी वेगळे पाठांतर नको. आठ नावांचा तक्ता घोकण्याऐवजी प्रत्येक पदासमोर एक काम आणि एक माणूस लिहून ठेवा: अमात्य, जमाखर्च, रामचंद्र नीळकंठ; सचिव, पत्रशुद्धी, अण्णाजी दत्तो; मंत्री, रोजनिशी, दत्ताजी त्रिंबक; असे. मग स्वतःच त्यावर संकेत रचा, ‘सल्लागार’ हा शब्द न वापरता. ‘राजपत्रातले चुकलेले अक्षर शोधणारा’ असे एकदा स्वतः लिहिलेत की सचिव आणि सुरनीस दोन्ही डोक्यात बसतील. वाचनालयात दोघी-तिघींनी मिळून एकमेकींना असे विचारले तर आणखी बरे; फळ्यावरची जागा देतो मी.

आणि पुढच्या वेळी साप्ताहिकात नुसते ‘राजाचा सल्लागार (3)’ दिसले, तर उत्तर भरण्याआधी रचनाकाराला चिठ्ठी पाठवा: कोणत्या राजाचा, आणि कशाबद्दलचा सल्ला?